आपल्या गल्लीतले बाकीचे रहिवासी: त्यांच्या बाजूने बघण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या आमच्या कॉलनीत रविवारी सकाळी काही मुलं आणि काही मोठी माणसं वह्या घेऊन खाली उतरतात. प्रत्येकाने आसपासचा एक जीव निवडायचा, तासभर त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि तो तास त्या जीवाच्या बाजूने लिहून काढायचा. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर हा उद्योग सुरू केला आणि आता तो माझ्या आठवड्याचा सगळ्यात महत्त्वाचा तास आहे. शेजारी, पालक, निफाडकडचे नातेवाईक तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकदाच सविस्तर देते.

म्हणजे पंचतंत्रासारखं लिहायचं का? प्राणी बोलतात वगैरे?

नाही. हा फरक पहिल्याच दिवशी सांगावा लागतो. गोष्टीतला कोल्हा लबाड असतो, कारण त्याच्या कातड्यात आपण एक लबाड माणूस बसवलेला असतो. त्या गोष्टी छानच आहेत, पण त्यातून कोल्ह्याबद्दल काही कळत नाही.

आमचा क्रम असा: आधी शरीर, मग मन. नाक कुठे आहे, डोळे जमिनीपासून किती वर आहेत, कानांना काय ऐकू येतं, पायाखाली काय लागतं. हे नीट लिहून झालं की मनाबद्दल फार थोडं लिहायचं. पुष्कळदा काहीच नाही.

एका मुलाने पहिल्या रविवारी लिहिलं, "मुंगी आज उदास होती." मी त्याला मुंग्यांच्या ओळीवर एकदा बोट आडवं फिरवायला सांगितलं. बोट फिरलं तिथे मुंग्या अडखळल्या, मागेपुढे झाल्या, गोल फिरल्या, आणि थोड्या वेळाने कुणीतरी पलीकडे पोचली तेव्हा ओळ पुन्हा जुळली. आपल्याला तिथे फरशीच दिसते, मुंगीला तिथे वासाचा रस्ता असतो, आणि तो त्याच्या बोटाने पुसला होता. पुढच्या रविवारी त्याने लिहिलं, "रस्ता चार बोटं नाहीसा झाला." उदास हा शब्द पुन्हा आला नाही. मला त्या वाक्याचा आजही अभिमान वाटतो.

ही कल्पना तुमची का?

नाही. आजच्या एस्टोनियात १८६४ साली जन्मलेल्या याकोब फॉन उक्सक्यूल या जीवशास्त्रज्ञाने ती नीट मांडली. त्याचं म्हणणं असं की जग एकच असलं तरी प्रत्येक जीवाच्या वाट्याला त्याच्या इंद्रियांना झेपेल तेवढाच तुकडा येतो, आणि त्या जीवासाठी तो तुकडा म्हणजेच सगळं जग. या तुकड्याला तो 'उमवेल्ट' म्हणायचा. आम्ही मुलांशी बोलताना 'ज्याचा त्याचा भोवताल' म्हणतो.

त्याने दिलेलं उदाहरण आपल्या गोठ्यातलं आहे. गोचीड. तो ज्या गोचिडीबद्दल बोलतो तिला डोळे नाहीत. ती गवताच्या टोकावर वाट बघत बसते. घामातल्या एका आम्लाचा वास आला की ती सुटते. अंगावर पडल्यावर ऊब लागली की कळतं, जागा बरोबर आहे. मग केस नसलेली त्वचा शोधायची. वास, ऊब, स्पर्श, संपलं. चांभारलेणीमागचा सूर्योदय, पाखरांचा आवाज, गाईचा रंग हे तिच्यासाठी नाहीच.

ऐकताना तिची कीव येते. मग मी मुलांना विचारते, आपल्यासाठी काय काय नाहीच? पुढचे सगळे प्रश्न त्याच उत्तराचे भाग आहेत.

सुरुवात कोणापासून करावी?

गल्लीतल्या कुत्र्यापासून. तो रोज भेटतो, पळून जात नाही आणि आपल्याला तो कळतो असं आपल्याला वाटत असतं.

आमच्या गल्लीत काळी आहे. बरीच म्हातारी झालीय, डोळ्यांवर निळसर साय आलीय. तिच्यासोबत पहिला तास काढायचा असेल तर आधी उकिडवं बसा, डोळे तिच्या उंचीवर आणा. गल्ली एकदम बदलते. दुकानांच्या पाट्या जातात, चेहरे जातात. उरतात चाकं, चपला, ओट्यांच्या कडा, गटाराच्या जाळ्या. स्कूटरचा सायलेन्सर बरोबर नाकासमोर येतो. एक आजोबा असे बसले आणि म्हणाले, "अहो, हा धूर आम्ही हिच्या तोंडावर सोडतो रोज." तेव्हापासून ते गाडी बाहेर ढकलत नेतात आणि मग सुरू करतात.

आता नाक. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख धरतात, कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटींच्या घरात. श्वास सोडताना त्याची हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांमधून निघते, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही आणि पुढच्या श्वासाला तो आणखी आत ओढला जातो. विजेच्या खांबाशी काळी दोन-दोन मिनिटं उभी राहते तेव्हा लोक तिला हटकतात. त्या खांबावर रात्री कोण आलं, किती वेळापूर्वी आलं, ओळखीचं होतं का, हे लिहिलेलं असतं. जुना वास फिका, ताजा वास ठसठशीत, आणि कोपऱ्यापलीकडून येणाऱ्या माणसाचा वास वाऱ्याबरोबर त्याच्या आधी पोचतो. म्हणजे काळीच्या 'आत्ता'मध्ये काल रात्र असते आणि पुढचा अर्धा मिनिटही असतो. आपला 'आत्ता' त्यामानाने फार अरुंद आहे.

रंगांचं सांगायचं तर कुत्र्यांना निळा आणि पिवळा दिसतो, लाल-हिरव्यात फरक कळत नाही. हिरवळीवर लाल चेंडू टाकून "शोध ना!" म्हणून ओरडू नका. निळा चेंडू आणा.

लहान मुलांना पटकन दाखवता येईल असं काही?

माशी. माशी हाताला का लागत नाही? कारण तिचा सेकंद आपल्या सेकंदापेक्षा मोठा आहे. आपल्याला सेकंदाला साधारण साठ वेळा लुकलुकणारा दिवा सलग वाटू लागतो. घरमाशीचे डोळे अडीचशेच्या आसपास लुकलुकणंही वेगवेगळं टिपतात. चोकवाली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्या लेखी तो शांत पांढरा उजेड असतो. त्याच खोलीतल्या माशीला तोच दिवा सतत उघडझाप करताना दिसतो, आणि तिच्याकडे येणारा आपला हात दुपारच्या म्हशीच्या चालीने येत असतो.

हे ऐकून मुलं हात हळूहळू हलवत माशी व्हायला बघतात. बघू द्या.

रामकुंडावर पिंडाला कावळा शिवतो, त्याच्याकडे असं बघणं म्हणजे श्रद्धेची थट्टा नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात गंभीरपणे विचारला जातो. माझ्या वडिलांचं दहाव्याचं मी तिथेच बघितलंय. कावळा येईना तेव्हा घशात काय अडकतं ते मला माहीत आहे. पाण्याकाठी उभं राहून कुणी म्हणतं, "नातवाचं लग्न करू हो आम्ही," कुणी म्हणतं, "काळजी करू नका, आईला सांभाळू." ते शब्द गेलेल्या माणसासाठी असतात आणि त्यांची जागा कावळ्याच्या अभ्यासाने हलत नाही.

पण तिथे एक कावळाही असतो, आणि त्याची सकाळही खरी असते. गोदाकाठी रोज, वर्षभर, गावोगावची माणसं येतात. कावळा भाताकडे बघतो त्याआधी माणसांकडे बघतो. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये २००६ साली संशोधकांनी एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले, खुणेची वळी घालून सोडून दिले. नंतर कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की तिथले कावळे कल्लोळ करायचे, आणि ज्यांना कधीच पकडलं नव्हतं तेही त्यात असायचे. आपला गावकावळा त्यांचा जवळचा नातेवाईक आहे. चेहरे लक्षात ठेवणारा, नव्या गोष्टीला बिचकणारा, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर खिळल्या की मागे सरणारा.

आता त्याच्या बाजूने बघा. दहा-पंधरा माणसं, सगळी थांबलेली, सगळी माझ्याकडेच बघतायत. मी असतो तर आलो असतो का?

एका आजींना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपण जरा मागं सरावं." मी एवढंच सांगू शकले असते आणि त्यांनी ते माझ्याआधी सांगितलं.

आम्ही शेतकरी माणसं. आम्हाला या खेळाचा काय उपयोग?

खरं तर तुमच्याकडूनच हे शिकायचं आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात आणि त्याच्या कानाशी म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." ज्याने कुणी ही रीत घातली त्याला वर्षभर जू कुठे घासतं हे बैलाच्या बाजूने माहीत होतं. इगतपुरी-घोटीकडचे डांगी बैल पाळणाऱ्याला विचारा, तो सांगेल की त्यांच्या कातडीला तेलकटपणा असतो म्हणून मुसळधार पावसात भातखाचरात ते टिकतात. हे ज्ञान हात फिरवल्याशिवाय येत नाही.

गाई-बैलांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. मान न वळवता त्यांना जवळजवळ चहूकडचं दिसतं, ठीक शेपटीमागची एक पट्टी सोडून. म्हणून जुनी माणसं मागून येताना आधी "हो, हो" करून आवाज देतात, मग हात लावतात. आवाज न देता हात ठेवला तर बैलाच्या लेखी तो हात कुठूनच आलेला नसतो. लाथ बसली की आपण त्याला मारकुटा म्हणतो.

दुसरं उदाहरण कांद्याच्या बियांचं. डोंगळ्याच्या, म्हणजे बियांसाठी राखलेल्या कांद्याच्या, एका फुलात पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे बी धरायला पराग दुसऱ्या फुलावरून यावा लागतो, आणि तो मुख्यतः मधमाश्या आणतात. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात. ढगाआडून सूर्य कुठे आहे हे तिला आकाशाच्या एका निळ्या तुकड्यावरूनही कळतं. पोळ्यात परतल्यावर ती नाचून बाकीच्यांना दिशा आणि अंतर सांगते. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली, त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. आता विचार करा, सकाळी दहा वाजता एका माशीने नाचून तुमच्या डोंगळ्यांचा पत्ता सगळ्या पोळ्याला दिला आणि सव्वादहाला तुम्ही फवारणी काढली. माझ्या मामेभावाने फुलोऱ्यात फवारा मारणं थांबवलं. अगदी मारावाच लागला तर तो संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर मारतो.

बिबट्याच्याही डोळ्यांनी बघायचं? ज्यांच्या घरातलं मूल गेलं त्यांना हे सांगाल?

त्यांच्या दारात जाऊन मी हे सांगणार नाही. तिथे फक्त बसायचं असतं.

पण बाकीच्यांना सांगते, कारण बघणं म्हणजे बाजू घेणं नव्हे. निफाड-सिन्नरच्या पट्ट्यात उसाचं शेत बिबट्याला कसं दिसत असेल? उंच गवत, आत गारवा, पाणी जवळ, वस्तीवर कुत्री, रानात डुकरं. आपलं पीक हे त्याच्या लेखी जंगलच आहे. मादी तिथेच पिल्लं घालते, आणि ऊसतोड सुरू झाली की तिच्या घराच्या भिंती एका सकाळीत जातात. वनखात्याची माणसं अशी पिल्लं संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, रात्री आई येऊन एकेक उचलून नेते. पिल्लांना हात न लावता खात्याला कळवणं आणि गर्दी न करणं एवढं आपल्याकडून झालं तरी पुष्कळ.

आणि आता तुमच्या मुलांसाठी. उभा माणूस बिबट्याला उंच आणि अनोळखी दिसतो. वाकून गवत कापणारी बाई, शेताकडेला बसलेलं मूल त्याच्या नजरेला लहान, चार पायांवरच्या जनावराएवढं दिसतं. म्हणून अंधारात एकटं शौचाला जाऊ नये, मुलांना दिवेलागणीनंतर अंगणात एकटं सोडू नये, शेतात बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून जावं. माणूस येतोय हे आधी कळलं तर बहुतेकदा तोच वाट बदलतो. हे सगळे नियम त्याच्या डोळ्यांनी बघितल्यावरच सुचतात.

पाल?

हो, पालही. पाल चुकचुकली की आपण 'कृष्ण कृष्ण' म्हणतो. ती दुसऱ्या पालीशी बोलत असते, आपण तिथे आहोत हेही तिच्या गावी नसतं. तिच्यासाठी भिंत हीच जमीन आणि दिवा हे शिकारीचं मैदान. तीन रविवार पुरतील एवढं तिच्यात आहे. घाबरणाऱ्यांनी लांबून बघावं.

चिमण्या गेल्या म्हणतात. चिमणीच्या बाजूने काय दिसतं?

भोक दिसत नाही, हे दिसतं. जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या मागच्या वाड्यांमध्ये, तुळईच्या टोकाशी, कौलाखाली, तसबिरीमागे मुठीएवढी जागा असायची. चिमणी तेवढीच जागा शोधत उडते. आमच्या कॉलनीच्या नव्या इमारतीकडे तिच्या नजरेने बघितलं तर तो एक सपाट कडा आहे, चार मजली, काचेचा, एकही चीर नसलेला. दुसरी अडचण अशी की पिल्लांना ती दाणे भरवत नाही, बारीक किडे-अळ्या भरवते. फवारलेल्या बागेत त्या कुठून आणणार?

२० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून पाळला जातो. त्यामागे आपल्या नाशिकचे मोहम्मद दिलावर आहेत, हे मुलांना सांगितलं की ती ताठ बसतात.

पण आपलं कल्पिलेलं चूक असेल तर?

असणारच. तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७४ साली विचारलं होतं, वटवाघूळ असणं वटवाघळाला कसं वाटत असेल? आपण फार तर आपण वटवाघूळ झालो तर कसं वाटेल एवढं कल्पू शकतो. वटवाघळाला काय वाटतं, ते त्याच्याच पंखाखाली राहतं. मला हे पटतं. म्हणूनच तर शरीरावर भर देते, तिथे चूक दुरुस्त करता येते.

माझीच चूक सांगते. गच्चीच्या कठड्यावर पक्ष्यांसाठी पाण्याचं पसरट मातीचं भांडं ठेवलं, शोभा म्हणून दोन्ही बाजूंना कुंड्या. उन्हाळा निम्मा सरला, एक चिमणी येईना. मला वाटलं, पाणी तापत असेल. शेवटी एके दिवशी हनुवटी भांड्याशी टेकवून बघितलं. दोन्हीकडे पानांची दाट भिंत होती आणि तिच्यामागे मांजर बसेल एवढी सावली. मी त्यांना पाणी पाजायला बोलावत होते आणि त्यांना दिसत होता सापळा. भांडं मोकळ्यावर ठेवलं, आत बसायला एक दगड टाकला. चौथ्या दिवशी दोन बुलबुल आले. चिमण्या नंतर.

गोदावरीतल्या माशांचं कसं लिहायचं? ते तर दिसतच नाहीत.

पूर आला की सगळं शहर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. २००८ला, २०१६ला आपण असंच मोजलं. माशाला मारुती दिसत नाही. गढूळ पाण्यात त्याला स्वतःची शेपटीही धड दिसत नसेल. पण त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा असते, पाण्यातला दाब आणि हालचाल टिपणारी. खडकाला वळसा घालणारं पाणी, शेजारच्या माशाची वळवळ, काठावर आपटणारी लाट त्याला अंगावर कळते. आपण त्याला आंधळं पाणी म्हणू, तो त्यात कातडीने बघत असतो. अशा अंगाला वाळूचा तळ वेगळा लागतो आणि काँक्रीटचा तळ वेगळा. एका मुलीने लिहिलं होतं, "इथे नदीला खालून घर नाही."

नांदूरमध्यमेश्वरला कधी नेता?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडायच्या आत निघून. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं ते पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंदलेलं ठिकाण, आहे. तिथे लपून काही साधत नाही, बदकांना मान न वळवता जवळजवळ सगळीकडचं दिसतं. स्थिर बसा, भडक कपडे नकोत. रोहित (फ्लेमिंगो) आले असतील तर त्यांची चोच बघा. ते डोकं उलटं करून पाणी गाळून खातात, म्हणजे जेवताना त्यांचं आभाळ पायांच्या बाजूला असतं.

संक्रांत-दिवाळीबद्दल तुम्ही फार बोलता म्हणे?

बोलते. उडताना पुष्कळ पक्ष्यांचं लक्ष खाली आणि बाजूंना असतं, ठीक समोरचं त्यांना कमी दिसतं. नायलॉनचा मांजा तर आपल्यालाही दिसत नाही. त्यांना तो पंखात रुतल्यावरच कळतो. सुती दोऱ्यानेही पतंग उडतो. फटाक्यांचं म्हणाल तर कुत्र्याला आपल्या दुप्पट उंच स्वर ऐकू येतात आणि तो आवाज संपणार आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. काळी त्या रात्री आमच्या जिन्याखाली असते. मी दार उघडं ठेवते.

लिहायचं कसं ते कळत नाही. एखादा नमुना द्याल?

हा माझा, गेल्या थंडीतला. जीव: काळी. वेळ: पहाटे साडेपाच ते साडेसहा.

"फरशी गार. पोटाखालची तेवढी गरम. दुधाच्या गाडीचा वास आधी, आवाज नंतर. गाडीबरोबर त्या माणसाच्या बुटांचा वास, त्यावर दुसऱ्या गल्लीतल्या कुत्र्याचा. उठते. मागचा डावा पाय उशिरा उठतो. खांब. रात्री दोघं येऊन गेले, एक ओळखीचा, एक नाही. अनोळखी आजारी आहे. वाऱ्यावर तर्रीचा वास, लांबचा, अजून उकळ न आलेला. समोर धूसर उजळ, त्यात हलणारं काहीतरी. वास आला: साबण, शिळी पोळी, वहीचा कागद. ही. पायरीवर बसते ती. शेजारी जागा गरम होईल."